एरचचा तळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी झाशीच्या इतिहासावर काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा साहजिकच प्रथम महाराणी लक्ष्मीबाईंचे स्मरण झाले. परंतु राणीसाहेबांवर अधिकारी लेखकांनी विपुल लिहिले आहे आणि आपल्या मंडळातील मुलांना तो इतिहास मुखोद्गत आहे. म्हणून त्यांच्या जन्माच्याही आधीच्या एका दिवाळीची हकीकत येथे सांगावी असे योजिले आहे. तीत तलवारीचा खणखणाट नाही. नदीकाठी उघड्या माळावर उतरलेला एक प्रचंड जनसमुदाय, त्यात शिरलेली महामारी, आणि तिच्यापासून जीव वाचविण्यासाठी माणसांनी केलेली धडपड, एवढाच तिचा विषय. दरवर्षी कार्तिकात बेतवेच्या काठी आवळीभोजनाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा या हकीकतीशी फार जवळचा संबंध आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

आपले मंडळ उभे राहिले ते नाना वाटांनी या गावी आलेल्या मराठी कुटुंबांमुळे. नेवाळकरांच्या अमदानीत आलेल्यांचे वंशज येथे होते. कोणी रेल्वेच्या कारखान्यात, कोणी लष्करात नोकरीनिमित्त आले. १९७४ साली भेलचा कारखाना सुरू झाला आणि त्यायोगे आणखी काही घरे आली. गणेशोत्सव, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि आवळीभोजन या तीन गोष्टींनी ही विखुरलेली घरे एकत्र बांधली गेली. पैकी आवळीभोजनाचे मोल मला नेहमीच विशेष वाटत आले आहे. देशावर आणि कोकणात कार्तिकात आवळीच्या झाडाखाली सहभोजन करतात, तसेच या बुंदेलखंडातही कार्तिक शुद्ध नवमीला, म्हणजे आंवला नवमीला, बायका आवळीची पूजा करून झाडाखाली जेवतात. हा एक दिवस असा आहे की, परमुलखात असल्याची जाणीव आपल्याला होत नाही. पलीकडच्या झाडाखाली बुंदेली कुटुंब जेवत असते, अलीकडे आपण. त्यांची पुरी आपल्या पानात येते आणि आपला मसालेभात त्यांच्या द्रोणात जातो.

आता त्या दिवाळीकडे वळू. सन १८१७, शके १७३९. हा काळ मराठी मनाला क्लेश देणारा आहे. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी इकडे ग्वाल्हेरास दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. झाशीचे सुभेदार शिवरावभाऊ यांचे नातू रामचंद्रराव त्या वेळी अल्पवयीन होते. पेशव्यांचे बुंदेलखंडावरील हक्क त्याच वर्षी जूनमध्ये इंग्रजांकडे गेले होते आणि नोव्हेंबरच्या मध्यास झाशी दरबाराशीही इंग्रजांचा तह होऊन रामचंद्ररावांचा झाशीवरील वंशपरंपरागत अधिकार त्यांनी मान्य केला. या साऱ्या घडामोडी एका पंधरवड्यातल्या आहेत, आणि याच पंधरवड्यात झाशीच्या उत्तरेस सिंध नदीकाठी सेंवढ्याच्या परिसरात इंग्रजांची एक मोठी फौज तळ देऊन बसली होती.

पेंढाऱ्यांचा बंदोबस्त हे या फौजेचे जाहीर प्रयोजन. शिंद्यांवर दाब ठेवणे हे तितकेच महत्त्वाचे दुसरे. गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज स्वतः तिच्याबरोबर होता. लढाऊ शिपाई दहा हजारांच्या आसपास, आणि त्यांच्यामागे चालणारा लवाजमा सुमारे ऐंशी हजारांचा. भिस्ती, भोई, घसियारे, मोतद्दार, माहूत, उंटवाले, धोबी, स्वयंपाकी, वाणी, आणि यांतल्या कित्येकांची बायकामुले. म्हणजे मध्यम आकाराचे एक शहरच नदीकाठी उतरले होते; फरक इतकाच की शहराला विहिरी, गटारे, शिवार असते, यांना काहीच नव्हते. हत्ती, उंट, बैल आणि घोडे यांची गणती निराळी. हे सारे एकाच पाण्यावर होते. त्यातच न्हाणे, धुणे, जनावरे पाजणे, आणि तेच पिणे.

त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात बंगालमधील जेसोर गावी पटकीची भयंकर साथ सुरू झाली होती. पुढे जगाने जिला पटकीची पहिली महामारी म्हणून ओळखले, ती हीच. १८२४ पर्यंत तिने एकीकडे चीन व दुसरीकडे अरबस्तान, इराण आणि कास्पियन समुद्राचा किनारा गाठला. आपल्या मुंबईत ती ऑगस्ट १८१८ मध्ये पोचली. पण तत्पूर्वी, नोव्हेंबर १८१७ च्या दुसऱ्या आठवड्यात, ती या छावणीत प्रकट झाली. ९ नोव्हेंबरला अमावास्या होती, म्हणजे दिवाळीचे ते दिवस. आरंभी लवाजम्यातले काही लोक दगावले, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. चार-पाच दिवसांत तिने उग्र रूप धारण केले. सकाळी पालखी उचलणारा भोई संध्याकाळी जिवंत असेलच याची शाश्वती राहिली नाही. पहारेकरी उभ्या जागी कोसळत. प्रेतांची व्यवस्था लावण्यास माणसे पुरेनात. खुद्द हेस्टिंग्जने आपल्या दैनंदिनीत या रोगाचे भयचकित वर्णन केले आहे. आपण मेलो तर शत्रूस व सैन्यास कळू नये म्हणून आपल्याला तंबूतच गुपचूप पुरावे, अशी आज्ञा त्याने देऊन ठेवली होती असेही सांगतात.

वैद्यांजवळ उपाय होते ते अफू, कॅलोमेल आणि प्रसंगी रक्तमोक्ष. पटकीत माणूस मरतो तो शरीरातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. तहानेने तळमळणाऱ्या रोग्यास पाणी देऊ नये, असाही समज त्या शतकात बऱ्याच वैद्यांचा होता. म्हणजे ज्याने तो वाचला असता, तेच त्याच्यापासून दूर ठेवले जाई.

अखेर छावणी हलविण्याचा निर्णय झाला. हलविणे सोपे नव्हते. आजाऱ्यांना वाहून नेण्यास गाड्या अपुऱ्या, वाहणारे स्वतःच आजारी. मजल दरमजल करीत, वाटेत शेकडो माणसे मागे टाकीत, फौज कार्तिकी एकादशीच्या सुमारास बेतवेच्या उजव्या तीरावरील एरच येथे पोचली. एरच हे आपल्या झाशी जिल्ह्यातलेच प्राचीन गाव. हिरण्यकश्यपूची राजधानी ती हीच आणि भक्त प्रल्हादाची कथा घडली ती येथेच, अशी या भागातली श्रद्धा आहे. येथली जमीन उंच व कोरडी, नदीचे पात्र रुंद, पाणी वाहते. एरचला तळ पडल्यावर थोड्याच दिवसांत साथ ओसरली.

तेथले वैद्य व अंमलदार यांनी याचे श्रेय कोरड्या हवेला दिले. दूषित हवेमुळे रोग होतो, ही तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. आज आपण जाणतो की, हवेचा त्यात संबंध नव्हता. लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकी पाण्यातून पसरते हे १८५४ च्या साथीत एका सार्वजनिक पंपाच्या आधारे दाखवून दिले. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात तिचा जंतू निश्चित केला. सिंधेकाठचे घाण झालेले पाणी सुटले आणि ज्यात अद्याप कोणाची घाण मिसळली नव्हती असे वाहते पाणी मिळाले, म्हणून एरचला माणसे वाचली. कारण चुकीचे उमगले, पण कृती योग्य घडली. इतिहासात असे क्वचित घडते. त्यावर विसंबून राहता येत नाही.

मात्र या सुटकेला दुसरी बाजू आहे. साथ भडकताच छावणीतून हजारो लोक पळून गेले. घराच्या ओढीने निघालेली ही माणसे वाटेत, शेतांत, गावांच्या वेशीपाशी पडून मेली, आणि जेथे जेथे गेली तेथे रोग घेऊन गेली. पटकीची लागण झाल्यापासून लक्षणे दिसण्यास काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतचा अवधी जाऊ शकतो. तेव्हा निघताना धडधाकट दिसणारा माणूसही पुढच्या गावच्या पाण्यात विष कालवू शकत होता. त्यांना दोष कोण देणार? जिवाच्या भीतीने पळणाऱ्याला विवेक शिकविणे हे सुरक्षित जागी बसलेल्याचे काम नव्हे. पण छावणीने त्यांना सांभाळले असते, तर ते पळाले नसते, एवढे मात्र म्हणता येईल.

आपल्याकडे पूर्वी गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा काढीत. देवीची पूजा बांधून गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडीत. मग पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपार न्यायचा. आपल्या गावची पीडा दुसऱ्याच्या वेशीत सोडण्याची ही रीत आठवली की मन ओशाळते. बुंदेलखंडाने मात्र या आपत्तीचा अर्थ निराळा लावला. ओरछ्याचा राजा जुझारसिंह याचा धाकटा भाऊ हरदौल याने, वहिनीवर घेतलेला संशय खोटा ठरविण्यासाठी, तिच्या हातचे विषाचे अन्न जाणूनबुजून खाल्ले, ही सतराव्या शतकातली कथा येथे घरोघर सांगतात. लग्नकार्यात पहिली अक्षत हरदौलाला देण्याची चाल आजही आहे. हेस्टिंग्जच्या छावणीत पटकी झाली ती, हरदौलाच्या अस्थी जेथे होत्या त्या राईत गोऱ्या शिपायांसाठी गायी मारल्यामुळे, असे लोक मानू लागले, हे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. त्यानंतर पटकीचे निवारण करणारा देव म्हणून हरदौलाचे चौथरे गावोगाव उठले. रोगाचे कारण म्हणून ही कथा आपण स्वीकारणार नाही. पण जेथे उतरावयाचे त्या जागेचा मान राखला पाहिजे, पाहुण्याने यजमानाची भूमी विटाळू नये, ही तिच्यातली जाण खोटी कशी म्हणावी?

या सर्व हकीकतीत एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या काळच्या अहवालांत मृतांचे आकडे दिले आहेत. साधारण आठवडाभरात लढाऊ शिपाई मेले ७६४. आणि लवाजम्यातले? सुमारे आठ हजार. शिपायांची मोजदाद एककापर्यंत आहे, कारण त्यांची नावे हजेरीपटावर होती, त्यांचा पगार व बंदूक यांचा हिशेब द्यावयाचा होता. पाणी वाहणाऱ्या भिस्त्याचा, गवत कापणाऱ्याचा, त्यांच्या लेकराबाळांचा हिशेब कोणी मागणार नव्हते. म्हणून त्यांची संख्या ‘सुमारे’ राहिली. आपणही पानिपताच्या इतिहासात अशा लोकांना ‘बाजारबुणगे’ म्हणून मोकळे होतो. पण साथ प्रथम शिरली ती यांच्यातच. ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, त्यांच्यामार्गेच ती सेनापतीच्या तंबूपर्यंत आली. समूहाचे आरोग्य राखणे म्हणजे त्यातल्या शेवटच्या माणसाला मोजणे, हा एरचच्या तळाचा मला उमगलेला धडा होय.

हा धडा पुढे एका दुसऱ्या छावणीत फळास आला. १९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथे पटकीचा कहर झाला. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून ते द्रावण नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजण्यास आरंभ केला. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. जे पाणी १८१७ च्या रोग्यास नाकारले जाई, तेच त्याचे औषध ठरले, आणि ते पाजणारे हात एखाद्या आईचे वा भावाचे होते.

आता आपल्या घरची गोष्ट. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सारे ठप्प झाले. त्या वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही. आळंदी, देहू येथील पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी. ने पंढरपुरास गेल्या. टाळमृदंगावाचून आषाढी पार पडलेली पाहून परमुलखातल्या आम्हा मराठी माणसांचे डोळे पाणावले. पण वारी खंडित झाली असे कोणी म्हटले नाही. परंपरेने त्या वर्षापुरते आपले पाऊल आवरले होते. त्याच विचाराने मंडळानेही कार्तिकातले आवळीभोजन स्थगित ठेवले. ज्याच्या त्याच्या घरी, कोणी अंगणातल्या आवळीखाली, कोणी कुंडीतल्या रोपाशेजारी, कोणी केवळ ताटात आवळ्याची फोड ठेवून, तो दिवस पाळला. पुढे २०२१ च्या वसंतात दुसरी लाट आली. त्या दीड-दोन महिन्यांत मंडळाच्या बैठकीतल्या काही खुर्च्या कायमच्या रिकाम्या झाल्या. त्यांची नावे येथे लिहीत नाही; आपणा सर्वांना ती ठाऊक आहेत.

त्या वर्षीच्या कार्तिकात पुन्हा बेतवेकाठी जावे की न जावे, यावर कार्यकारी मंडळात बराच खल झाला. पटकी पाण्यातून येते, कोरोना श्वासातून. म्हणून उकळलेले पाणी कोरोनाला अडवीत नाही आणि मोकळी हवा पटकीला अडवीत नाही. ज्या रोगाची जी वाट, तीच रोखली पाहिजे. बंद सभागृहापेक्षा नदीकाठ बरा, हे सर्वांना पटले. लसीच्या दोन्ही मात्रा झालेल्यांनीच यावे, ताप वा खोकला असल्यास संपूर्ण कुटुंबाने घरी राहावे, प्रत्येक घराची सतरंजी निराळी व दोन सतरंज्यांत चांगले अंतर असावे, बसमध्ये मुखपट्टी बांधावी व खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वाढणारे दोघेच असावेत, असे ठरले. पाण्याविषयीचा जुना नियम कायम राहिला: नदीचे पाणी कितीही नितळ दिसो, ते पिऊ नये. तुरटी फिरविली की गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी उकळलेलेच हवे.

यादी वाचून झाली. सर्वांनी माना डोलावल्या. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका वृद्ध काकूंनी विचारले, “अहो, बसचा ड्रायव्हर, त्याचा मदतनीस, स्वयंपाकाच्या दोघी बायका आणि पत्रावळी उचलणारा मुलगा, यांची नावे यादीत कुठे आहेत? त्यांची लस झाली का? त्यांना कोणाच्या सतरंजीवर बसविणार?” सभा क्षणभर निरुत्तर झाली. यादी करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे सांगताना आजही संकोच वाटतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या अहवालातले ‘सुमारे आठ हजार’ वाचून हळहळणाऱ्या माझ्या लेखणीने आपल्याच सहलीची पाच माणसे गाळली होती.

त्या संध्याकाळी यादी नव्याने केली. पाचांपैकी दोघांची दुसरी मात्रा राहिली होती, ती त्यांची मजुरी न कापता त्याच आठवड्यात देवविली. त्यांच्यापैकी कोणास ताप आला तर त्या दिवसाचे पैसे मिळतील, हेही त्यांना आधीच सांगून ठेवले. कारण ज्याची रोजी बुडणार तो आपला ताप लपविणारच. आवळी नवमीला त्यांची सहावी सतरंजी आमच्या पाच सतरंज्यांच्या ओळीत पसरली गेली. तेव्हापासून दरवर्षी यादीतली पहिली पाच नावे त्यांची असतात. माणसे कधी बदलतात, क्रम बदलत नाही.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत मंडळाने काय मिळविले, याचा आढावा या स्मरणिकेत इतरत्र येईलच. पुढील पन्नास वर्षांत आणखी एखादी साथ येणारच नाही, असे कोणी सांगू शकत नाही. तिचे नाव काय असेल, ती पाण्यातून येईल की श्वासातून, हे आज ठाऊक नाही. त्या वेळी आपल्या जागी बसणाऱ्या तरुण मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते की, बेतवेकाठी निघण्यापूर्वी यादी एकदा मोठ्याने वाचा, आणि वाचून झाल्यावर मागच्या रांगेकडे पाहून थोडा वेळ थांबा.